घंटेआधी उतरायचं नाही

किस्से साठत जातात ते ऑफिसातल्या जुन्या फायलींसारखे. कुणी मागत नाही, आणि फेकून द्या असा लेखी हुकूमही कुणी काढत नाही. मी एकतीस वर्षं कारकुनी केली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल दिली, नारळ दिला आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. फायली त्यांनी ठेवून घेतल्या. किस्से मात्र माझ्याबरोबर पाठवून दिले!

चिंचवडला नदीकाठच्या बाकावर संध्याकाळी आम्ही सहाजण बसायचो. आता दोघं उरलोय. त्यातल्या दुसऱ्याला ऐकू येत नाही. श्रोता म्हणून माणूस उत्तम. तोच किस्सा रोज सांगितला तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवतो. परवा त्याला न्यायला त्याची सून आली होती. ती म्हणाली, "काका, कंपनीत चार लोकांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की माझे पाय लटपटतात. तुम्हाला म्हणे कधीच भीती वाटली नाही?"

"असं कोण म्हणालं?"

"आमचे बाबा."

ऐकू येत नसलं की माणसाचे असे गैरसमज होतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं.

* * *

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. पिंपरी म्हणजे तेव्हा ज्वारीची रानं, निर्वासितांच्या कॅम्पातल्या दुकानांच्या दोन ओळी आणि मध्येच उगवलेला आमचा कारखाना. आम्ही शेतीचे पंप करायचो. 'आम्ही' म्हणजे फिटर आणि टर्नर. मी विक्री खात्यात बसून ते गेल्याची नोंद करायचो.

आमचे मोठे साहेब विलायतेत शिकून आले होते. येताना त्यांनी एक पितळी घंटा आणली होती आणि एक नियम. शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांनी पॅकिंग शेडमध्ये जमायचं. प्रत्येक खात्याच्या एका माणसाने पंपाच्या रिकाम्या खोक्यावर उभं राहून आठवड्याची हकीकत सांगायची. वेळ पाच मिनिटं. घंटा झाल्यावर एक शब्द बोलायचा नाही, आणि घंटेआधी उतरायचं नाही.

"पंप विकायचा तर उभं राहून बोलता आलं पाहिजे," साहेब म्हणायचे. "आणि मराठीत बोला. इंग्रजी आपल्या विहिरींना कळत नाही!"

नोकरीच्या तिसऱ्या शनिवारी माझी पाळी आली. आदल्या दिवशी मी चार पानं लिहून काढली होती. खोक्यावर चढलो आणि लक्षात आलं, पानं टेबलावरच राहिली! समोर साठ माणसं. मी खाली पाहिलं. खोक्यावर 'ही बाजू वर' असं रंगवलेलं होतं आणि खोका उलटा ठेवलेला होता. तेवढी तीन शब्दांची उलटी ओळ मी पाच मिनिटं वाचत होतो. तोंडातून शब्द फुटला नाही. कुणी खोकलं, कुणी विडी विझवली, पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. उतरायची सोय नव्हती.

घंटा झाली. साहेब घंटा खाली ठेवून म्हणाले, "आजच्या रिपोर्टांत सबनीसांचा सगळ्यांत बिनचूक. एकही चूक नाही!"

शेडचे पत्रे उडतात की काय, इतकं हसले लोक.

* * *

सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"सबनीस, तुम्ही टिपणं छान लिहिता. पण विक्री खात्यात मला लिहिणारा नको, बोलणारा हवाय. दिवाळीच्या आधी डीलर लोक येतील. त्यांच्यापुढे नवा पंप तुम्ही मांडायचा. जमलं तर नोकरी कायम. कारखान्याच्या मागे चार क्वार्टर्स बांधतोय, त्यातलं एक तुमचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर गावी जाऊन मास्तरकी करा. अर्थात तिथेही बोलावं लागतंच!"

आता ते क्वार्टर माझ्यासाठी काय होतं, ते सांगतो. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्यातले एकत्र घालवलेले दिवस मोजले तर दीड महिना भरायचा नाही. घर कोकणात, राजापूरच्या बाजूला. ही तिकडे, माझ्या आईवडिलांजवळ. मी आधी परगावी तात्पुरत्या नोकऱ्यांवर आणि आता इकडे चिंचवड गावात, तुकाराम फिटरच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. तुकाराम आमच्याच कारखान्यातला, पिढ्यान् पिढ्या गावातलाच. खोली देतानाच त्याने बजावलं होतं, "एकल्याला देतो. बायकामानसं आनायची न्हाईत. न्हानी एकच हाय, अन् तिथं माजी आई बसती सकाळभर."

म्हणजे हिशेब सरळ होता. तोंड उघडलं तर बायको येणार. नाही उघडलं तर मीच परत जाणार, नोकरी घालवून आलेला मुलगा म्हणून.

* * *

पत्रं होती की, असं म्हणाल. होती. आमच्या घरी कार्ड आलं की वडील ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे. ऐकायला आई, काका, काकू आणि ज्याने कार्ड आणलं तो पोस्टमनसुद्धा. अशा सभेपुढे माणूस बायकोला काय लिहिणार? 'मी खुशाल आहे. तुम्ही सर्व खुशाल असालच.' उत्तर वडिलांच्या अक्षरात यायचं. अगदी तळाशी, पत्त्याच्या रेघेला चिकटून, तिच्या बारीक अक्षरात दोनच शब्द: 'सौ.चा नमस्कार.'

चार वर्षांचा आमचा संसार हा एवढा. दोन शब्द, तेही वडिलांच्या कार्डावर जागा उरली तर!

* * *

आमच्या खात्यात पेठे म्हणून एकजण होता. पुण्याहून रोज गाडीने यायचा. केसांना ब्रिलियंटाइनचं सुगंधी तेल, खिशाला दोन पेनं. त्याला माझी दया आली.

"सबनीस, यात अवघड काय आहे? मी इंग्रजी पुस्तकात वाचलंय. सुरुवातीला एक विनोद टाकायचा. लोक हसले की सभा आपली. येत्या शनिवारी बघा नुसतं."

शनिवारी पेठे खोक्यावर चढला. कोटाचं बटण लावलं. म्हणाला, "एकदा एक स्कॉटिश माणूस टोपीच्या दुकानात जातो." आणि स्वतःच हसला.

बाकी शेड शांत.

मागून फौंड्रीतल्या कुणीतरी विचारलं, "कुटला मानूस?"

पेठे म्हणाला, "स्कॉटलंडचा. ते लोक फार चिक्कू असतात." मग स्कॉटलंड कुठे आहे, ते इंग्लंडच्या वर आहे की खाली, तिथले लोक चिक्कू का, आणि तिथे पुरुष परकर का घालतात, हे सगळं निघालं. परकराला थोडं हसू आलं, पण पेठ्याला ते नको होतं! त्याचा माणूस टोपीच्या दुकानाच्या पायरीवर असतानाच घंटा झाली.

त्याला दुकानात काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

* * *

भाद्रपदात साहेबांनी मला आणि तुकारामला चाकणला धाडलं. बाजाराचा दिवस होता. बाजाराजवळच्या एका मळ्यातल्या विहिरीवर पंप लावून दाखवायचा होता. बोलायचं मी, चालवायचं तुकारामने.

विहिरीभोवती चाळीसेक शेतकरी उकिडवे बसलेले. मी तोंड उघडलं, "मंडळी," आणि पुढचं सगळं गेलं. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करत राहावंसं वाटतं. तुकाराम पाइप बांधत होता, त्याच्याकडे न बघताच मी इंजिनाचं हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं. पंप घुमला, थरथरला, खरखरला. पाण्याचा थेंब नाही.

जाणत्याला कळलं असेल. पंप कोरडा चालवायचा नसतो. त्यात आधी वरून पाणी ओतून तो भरावा लागतो, मग तो विहिरीतलं ओढतो. पंपाच्या कंपनीतल्या कारकुनाला हे माहीत होतं. कागदावर मी ते किमान शंभरदा लिहिलं होतं!

पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "सायेब, ह्याला बी तुमच्यावानीच बोलाया येईना जनू."

सगळे फिदीफिदी हसले. माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघून गेलं, "काय करणार बाबा, आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो!"

काय हसले लोक! म्हातारा तर मागेच कलंडला. गंमत म्हणजे त्या हसण्याने माझे पाय थांबले. तोवर ते कापत होते, हेसुद्धा मला थांबल्यावर कळलं. तुकारामने इंजिन बंद केलं, लोटाभर पाणी पंपात ओतलं, पुन्हा चालू केलं. मनगटाएवढी धार पडली. त्या धारेशेजारी उभा राहून मी वीस मिनिटं बोललो. पंप काय, मी नोकरीला कसा लागलो आणि खोक्यावर कसा गप्प उभा राहिलो तेही सांगितलं.

परत येताना एसटीच्या टपावर पंप आणि आत आम्ही. तुकारामने पान्हे पुसून पिशवीत ठेवले. मग म्हणाला, "सबनीस, त्या पेठ्याचं काय चुकलं, कळलं का? त्यो दुसऱ्याच्या हिरीचं पानी सांगत व्हता. आदी लोटाभर आपल्या घरचं वतावं लागतं."

* * *

घरचं ओतायचं, तर घरी पाठवून बघावं म्हटलं. मी कार्डांवर किस्से लिहायला लागलो. खोका, घंटा, पाच मिनिटं, पेठ्याचा स्कॉटिश माणूस, चाकणचा म्हातारा. आठवड्याला एक.

वडिलांचं उत्तर आलं: 'तुझे कार्ड पोहोचले. सर्वांसमक्ष वाचले. कोणी हसले नाही. आंब्याला मोहोर लवकर येईल असे वाटते.'

तळाला बारीक अक्षर होतं. 'सौ.चा नमस्कार.' आणि त्यापुढे, चार वर्षांत पहिल्यांदा, तिसरा शब्द.

'हसले.'

मी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून कारखान्यात गेलो. दुपारी पेठ्याने विचारलं, "काय, पगारवाढ?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी!"

* * *

तयारी मात्र खोलीत एकट्यानेच चालायची. पॅकिंगमधून एक मोडका खोका मागून आणला होता. संध्याकाळी शिफ्ट सुटली की पलीकडून गावातल्या घराघरांतून बोलण्याचे आवाज यायचे. सगळीकडे कुणी ना कुणी कुणाला तरी हाक मारत असायचं. मला हाक मारणारं कुणी नव्हतं, म्हणून मी भाषण करायचो. समोर भिंतीशी ओळीने तांब्या, तीन पेले, परात आणि स्टोव्ह. तांब्या म्हणजे साहेब. पेले म्हणजे डीलर. परात जरा रुंद, म्हणून ती सोलापूरची एजन्सी. पाच मिनिटं झाली की पेल्यावर चमचा वाजवायचा. हसण्याच्या जागा आल्या की हसूनही मीच घ्यायचो, म्हणजे किती थांबायचं ते कळतं.

एके दिवशी दार ढकलून तुकाराम आत आला. रागावलेला. "पावनं किती हायती? आई म्हनती रोज हसन्याखिदळन्याचा आवाज येतुय. मी एकल्याला खोली दिलीया!"

त्याने खोलीत पाहिलं. खोक्यावर मी, हातात चमचा. खाली भांडी.

तो पुढे आला. सावकाश परात बाजूला सरकवली आणि तिथे मांडी घालून बसला. "चालू द्या."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. हसायची जागा आली. मी थांबलो. तुकारामने तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सायेब बी हसलं न्हाईत," तो म्हणाला.

त्यानंतर तो रोज यायचा. घंटा होईस्तोवर बसायचा. जाताना परात जागेवर ठेवायचा.

* * *

मध्ये मी बिघडलोही. हसवता येतं हे कळल्यावर माणूस कुठे थांबतो? दर शनिवारी लोक मी चढण्याआधीच हसायला लागले. मी साहेबांच्या टोपीवर बोललो, पेठ्याच्या तेलावर बोललो. पेठे हसला, पण त्या आठवड्यात माझ्याबरोबर डबा खायला बसला नाही.

मग एकदा मंचरकडचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला. पंप बंद पडला होता. ऑफिसात आठजण होते. मी म्हटलं, "पाटील, आमचा पंपसुद्धा सरकारी नोकरीला लागला की काय? कामावर आहे, पण काम करत नाही!"

आठहीजण हसले. तो नाही.

"कांदा वाळला माजा," तो म्हणाला. एवढंच. मग टोपी डोक्यावर नीट केली आणि बाकावर बसून राहिला.

तुकाराम दारात उभा होता. हत्यारांची पिशवी उचलता उचलता माझ्याजवळ येऊन म्हणाला, "लोटाभर म्हनलं व्हतं, सबनीस. अन् ते बी सोताच्या घरचं." मग तो त्या शेतकऱ्याबरोबर निघून गेला. त्या दिवशी मीही त्यांच्यामागून एसटी पकडली. पंप दुरुस्त होईपर्यंत त्या बांधावर बसून होतो. एक अक्षर बोललो नाही. बिनचूक!

* * *

डीलर आले. पॅकिंग शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, झेंडूची तोरणं होती. सोलापूरचे एजंट खरोखरच परातीसारखे रुंद निघाले. त्यांना बघून मला धीर आला!

खोक्यावर चढलो. आणि पुन्हा तेच. सगळं कोरडं. मी खाली बघितलं. 'ही बाजू वर', उलटी.

किती वेळ गेला कोण जाणे. साहेबांनी घंटा उचलली नव्हती. मागच्या भिंतीशी तुकाराम उभा होता. त्याने मूठ वर करून हळूच कलती केली, लोटा ओतावा तशी.

मी म्हटलं, "मंडळी, याच खोक्यावर मी एकदा पाच मिनिटं गप्प उभा होतो. साहेब म्हणाले, एकही चूक नाही. आज मी बोलणार आहे. चुकांची जबाबदारी कंपनीची!"

साहेबच आधी हसले. मग सगळे. पुढचं आपोआप ओढलं गेलं. टाळ्या वाजवायला पहिला उठला तो पेठे. हे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद हातात दिला. "अभिनंदन. क्वार्टर नंबर तीन. फक्त पाण्याची सोय अजून झालेली नाही."

पंपाच्या कारखान्यात!

* * *

तुळशीच्या लग्नानंतर ही आली. वडील पोचवायला आले होते. एक ट्रंक, एक वळकटी, पोह्यांचा डबा. एक रात्र राहून सकाळच्या गाडीने ते परत गेले. मी त्यांना स्टेशनवर सोडून, कारखान्यात दिवस काढून, चारच्या सुमारास घरी आलो.

घरात ती होती आणि मी होतो. मध्ये कार्ड वाचणारं कुणी नव्हतं.

तिने चहा दिला. मी प्यालो. "बरा झालाय," म्हटलं. ती "हं" म्हणाली.  साठ माणसांपुढे पंप मांडणारा मी, पण एका माणसापुढे काय मांडायचं ते मला सुचेना. मग मी आपलं जे येत होतं ते केलं. म्हटलं, "आमच्याकडे एक पेठे म्हणून आहेत. ते एकदा खोक्यावर चढले..."

"ते कार्डात होतं," ती म्हणाली.

"चाकणला एक म्हातारा..."

"तेही होतं."

खिडकीतून पिवळं ऊन फरशीवर पडलं होतं. लांब कुठेतरी इंजिन चालू होतं. मी रिकाम्या पेल्यातून चमचा फिरवत बसलो. इतके महिने जे जमवलं होतं, ते दोन वाक्यांत संपलं.

चमच्याकडे बघत तिने विचारलं, "तो खोका कुठे आहे?"

तयारीचा तो मोडका खोका (तोही कार्डात होताच) मी क्वार्टरमध्ये आणून कोपऱ्यात ठेवला होता. त्यावर तिने सकाळीच पाण्याची कळशी ठेवली होती. मी दाखवला. तिने कळशी उतरवून खाली ठेवली. खोका ओढत खोलीच्या मध्यावर आणला. पदर खोचला आणि भिंतीला हात लावून वर चढली. खोका जरा डुगडुगला.

"घंटेआधी उतरायचं नसतं ना?"

"नाही."

"मग बसा खाली."

मी बसलो. ती बोलायला लागली तेव्हा फरशीवर ऊन होतं. नंतर ते भिंतीवर चढलं. मग खिडकीतून निघून गेलं.

पेला समोर होता आणि चमचा हातात. मी तो वाजवला नाही.